गल्ला एक, घड्याळं दोन

प्रश्न थोडक्यात: हाइव्ह या ब्लॉकचेनवरच्या (इथे पोस्टना मतं पडतात आणि त्यानुसार मोबदला मिळतो) एका समुदायाचं समन्वयाचं काम पत्रलेखक दोन वर्षांपासून पाहत आहेत. दीडशेच्या आसपास सदस्य नियमित लिहितात. आठवड्याला साधारण ९० पोस्ट होतात आणि त्यांचा एकूण पेआउट, म्हणजे मतांवरून मिळणारा मोबदला, २४० एचबीडीच्या (हाइव्हचं डॉलरशी जोडलेलं नाणं) घरात जातो. चार डेव्हलपरनी समुदायासाठी स्वतंत्र संकेतस्थळ, चोरलेला मजकूर ओळखणारी तपासणी आणि मतं देणारा बॉट उभा केला आहे. सर्व्हरचा महिन्याचा ३० एचबीडी खर्च ते पदरमोड करून भागवतात. सदस्यांनी डेलिगेट केलेल्या, म्हणजे वापरायला उसन्या दिलेल्या, हाइव्ह पॉवरच्या (गुंतवून ठेवलेलं हाइव्ह चलन, मताचं वजन त्यावर ठरतं) जोरावर समुदायाचं खातं लेखांना मतं देतं. त्यातून खात्याला आठवड्याला ६० एचबीडी किमतीची क्युरेशनची, म्हणजे मतं देण्याबद्दलची, कमाई होते. तिचा ८० टक्के भाग डेलिगेट करणाऱ्यांना परत जातो, उरलेला नुसता साठतो आहे. आता डेव्हलपर म्हणतात, प्रत्येक पोस्टवर ३० टक्के बेनिफिशरी वाटा (लेखकाच्या मोबदल्यातून परस्पर दुसऱ्या खात्यात जाणारा हिस्सा) आम्हाला द्या. लेखक म्हणतात, आम्ही लिहिलं नाही तर तुमच्या संकेतस्थळावर येणार कोण? तोवर डेव्हलपरांनी रोज 'आज काय केलं' छापाच्या पोस्ट टाकायला सुरुवात केली, त्यांना मतं मिळाली म्हणून लेखक चिडले. एका डेव्हलपरनं महिनाअखेर थांबणार असल्याचं कळवलं आहे, दोन जुने लेखक आधीच दुसऱ्या समुदायात गेले. पत्रलेखकांचा प्रश्न: "दोघांनाही एकाच पूलमधून, म्हणजे सामायिक गल्ल्यातून, द्यायचं आहे, म्हणून एकाचं वाढवलं की दुसऱ्याचं कमी होतं. न्याय्य टक्का किती?"

नमस्कार,

टक्का सांगतो, पण त्याआधी तुमच्या वाक्यातला तो 'म्हणून' पुन्हा एकदा तपासू या. सगळं भांडण त्याच्यावर उभं आहे आणि तो अर्धाच खरा आहे.

पूलमध्ये पैसा येतो कुठून, हे तुमच्या दीडशे जणांपैकी किती जणांना नेमकं माहीत आहे? हाइव्हवर जे नवं चलन तयार होतं, त्यातलं ६५ टक्के पोस्टच्या रिवॉर्ड पूलमध्ये जातं, १५ टक्के हाइव्ह पॉवर बाळगणाऱ्यांना, १० टक्के विटनेसना (ब्लॉक तयार करणाऱ्यांना) आणि १० टक्के विकासकामांच्या निधीत. ही वाटणी आभाळातून पडलेली नाही. हाइव्ह ज्यातून निघालं ते स्टीम मार्च २०१६ मध्ये सुरू झालं. तिथे ऑगस्ट २०१९ च्या हार्डफोर्क २१ (ब्लॉकचेनच्या नियमांतला मोठा बदल) येण्याआधी पोस्टच्या पूलला ७५ टक्के मिळत आणि त्यातले ७५ टक्के लेखकाचे, २५ टक्के क्युरेटरचे असत. त्या हार्डफोर्कनं नव्या चलनातले १० टक्के पूलमधून काढून विकास प्रस्तावांच्या निधीत टाकले आणि उरलेल्याची लेखक व क्युरेटर यांच्यात निम्मी निम्मी वाटणी केली. गुणाकार करून पाहा: नव्या चलनातला लेखकांचा हिस्सा ५६.२५ टक्क्यांवरून ३२.५ वर आला. २० मार्च २०२० ला हाइव्ह वेगळं झालं, तेव्हा हेच प्रमाण सोबत आलं.

हा हिशेब तुमच्या दोन्ही बाजूंसमोर ठेवा, कारण तो दोघांचंही म्हणणं खरं ठरवतो. लेखकांना वाटतं की बांधणाऱ्यांसाठी आपल्या ताटातून आधीच काढून घेतलंय. खरं आहे, प्रोटोकॉलच्या पातळीवर ते झालेलंच आहे. डेव्हलपरांना वाटतं की विकासाच्या नावानं बाजूला ठेवलेलं आपल्यापर्यंत पोचत नाही. तेही खरं आहे, कारण तो निधी या ब्लॉकचेनच्या साखळीभर उपयोगी पडणाऱ्या कामांसाठी मतदानानं दिला जातो आणि एका समुदायाच्या संकेतस्थळाला तिथे मतं जमवणं फार कठीण जातं. म्हणजे तुमच्या लोकांची एकमेकांवरची तक्रार खरं तर साखळीच्या रचनेबद्दलची आहे. ती एकमेकांच्या अंगावर फेकण्यात काही हशील नाही.

आता दुसरी गोष्ट. माझ्या मते तुमच्या अडचणीचं मूळ इथेच आहे.

पोस्टचा पेआउट सात दिवसांनी होतो. त्यानंतर त्या पोस्टला कितीही मतं पडली, तरी एक दमडी येत नाही. लेखाचं आयुष्य साधारण या मापात बसतं: आज लिहिलं, आठवडाभरात वाचलं गेलं, मोबदला मिळाला. कोडचं तसं नाही. मजकूर तपासणारं साधन लिहायला तीन आठवडे लागले असतील, त्या काळात दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. आणि एकदा चालू झाल्यावर ते दीड वर्ष दर आठवड्याला ९०-१०० वेळा उपयोगी पडतं, त्या दीड वर्षात त्याच्या नावावर एकही पोस्ट नसते. देखभालीचं तर आणखी अवघड. एखादा एपीआय नोड (बॉटला साखळीशी जोडून देणारा सर्व्हर) बंद पडला, बॉट रात्री थांबला, कोणीतरी उठून तो दुसऱ्या नोडवर वळवला, सकाळी सगळ्यांची मतं नेहमीसारखी पडली. काम जितकं चांगलं झालं, तितकं ते कुणाला दिसलं नाही.

सात दिवसांच्या घड्याळावर असं काम बसवायचं म्हटलं की एकच वाट उरते: कामाची पोस्ट करायची. तुमचे डेव्हलपर तेच करतायत. रोजच्या 'आज काय केलं'मागे लबाडी नाही. ज्या खिडकीतून पैसे मिळतात तिथे रांगेत उभं राहणं आहे ते. २०१७ मध्ये स्टीमवर युटोपियन नावाचा उपक्रम सुरू झाला होता, मुक्त स्रोत प्रकल्पांना केलेल्या मदतीची पोस्ट करा आणि मतं मिळवा, असा. कल्पना चांगली होती, पण प्रत्येक योगदान मोजून मतं द्यायची म्हटल्यावर ती वाचणारे, प्रश्नावलीनुसार गुण देणारे परीक्षक लागले, त्यांना मोबदला लागला, आणि मतांचं वजन बरंचसं एका कंपनीनं डेलिगेट केलेल्या शक्तीवर टेकलेलं होतं. तुकड्याला पैसे दिले की तुकडे लहान होत जातात, हे कुठल्याही कामात होतं. तुमच्याकडे ती सुरुवात झालेली दिसते.

पण हे घड्याळ लेखकांनाही मारतंच ना? 'खात्याच्या चार चाव्या कशासाठी असतात' असा नवख्यांसाठीचा लेख तुमच्याकडे कुणीतरी लिहिलेला असेलच. नवा माणूस आला की तुम्ही त्याला तोच दुवा देता. त्या लेखाला सातव्या दिवसानंतर काहीच मिळालेलं नाही. घाईनं लिहिलेल्या दहा ओळींच्या पोस्टला रोज मत मिळतं आणि दोन वर्षं कामी येणाऱ्या लेखाला एकदाच. म्हणजे तुमची रेघ लेखक आणि डेव्हलपर यांच्यामध्ये नाही. ती लवकर विझणारं काम आणि टिकणारं काम यांच्यामध्ये आहे, आणि टिकणारं काम दोन्हीकडे उपाशी आहे. हे एकदा दोघांना पटलं, तर बोलणी निम्म्यावर येतील.

मग त्या ३० टक्क्यांचं काय? आधी गणित करू. २४० एचबीडीच्या पेआउटमधले निम्मे क्युरेटरकडे जातात. बेनिफिशरी वाटा फक्त लेखकाच्या निम्म्यातून, म्हणजे १२० मधून कापला जातो. अनेकांचा इथेच गोंधळ होतो: पोस्टवर १० एचबीडी दिसले की ३० टक्के म्हणजे ३ गेले असं लेखकाला वाटतं. खरं तर त्याचे ५ असतात आणि त्यातले दीड जातात. तरीही ३० टक्के म्हणजे आठवड्याला ३६ एचबीडी, लेखकांचे १२० चे ८४. मोठा घास आहे.

आणि तो सक्तीनं घेताच येत नाही. बेनिफिशरी कोण हे पोस्ट प्रकाशित करणारं ॲप ठरवतं, साखळी त्याची जबरदस्ती करत नाही. लेखक उठून पीकडी किंवा इसेन्सी या दुसऱ्या ॲपवरून तुमच्याच समुदायात पोस्ट करू शकतो, एक पैसाही न कापता. सगळ्यात आधी तुमच्याच संकेतस्थळावरची वर्दळ आटेल. ते टाळायला 'बेनिफिशरी नसेल तर समुदायाचं मत नाही' असा नियम डेव्हलपर सुचवतील. तो करू नका. समुदायाचं मत मजकुरासाठी आहे, सदस्यांनी आपली शक्ती त्यासाठी डेलिगेट केली आहे. ते मत वसुलीला लावलंत तर डेलिगेशन परत घ्यायला त्यांना एक व्यवहार पुरतो, आणि पाच दिवसांनी ती शक्ती त्यांच्या खात्यात परत वापरायला मोकळी असते.

माझा सल्ला ७ टक्क्यांचा आहे, आणि तो आकडा सर्व्हरच्या बिलावरून आला आहे. १२० चे ७ टक्के म्हणजे आठवड्याला ८.४, महिन्याला साधारण ३६ एचबीडी. पाच टक्क्यांत महिन्याचे २६ येतात, बिल ३० चं आहे, म्हणजे पदरमोड चालूच राहणार. सातमध्ये बिल भागून सहा उरतात, त्यात वर्षाकाठी डोमेनचं नूतनीकरण होतं. मात्र सगळे सदस्य तुमच्याच संकेतस्थळावरून पोस्ट करतात असं धरलेलं हे गणित आहे. प्रत्येक पोस्टच्या मेटाडेटामध्ये ती कुठल्या ॲपवरून आली याची नोंद असते. डेव्हलपरना गेल्या आठ आठवड्यांची मोजणी करायला सांगा. ९० पैकी ६० पोस्टच तुमच्याकडून येत असतील, तर सातचे साधारण साडेदहा टक्के लागतील, किंवा मग खर्च कमी करावा लागेल. शिवाय ही मोजणी डेव्हलपरांच्या कामाचा वापर सरळ आकड्यात दाखवते. 'आमचं काम कुणाला दिसत नाही' या तक्रारीला यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

हा वाटा मूळ सेटिंगमध्ये चालू ठेवा, पोस्ट करण्याच्या पानावर प्रकाशित करण्याच्या बटणाशेजारी टक्का स्पष्ट दिसू द्या, आणि ज्याला नको त्याला एका स्पर्शात शून्य करता येऊ दे. एक तांत्रिक खाच लक्षात असू द्या: पोस्टला पहिलं मत पडल्यावर बेनिफिशरी जोडता येत नाहीत. कित्येक जण स्वयंचलित मतं लावून बसलेले असतात, ती पोस्ट येताच पडू शकतात. म्हणून पोस्ट आणि बेनिफिशरी एकाच व्यवहारात पाठवली गेली पाहिजेत, मागून वेगळी नाहीत. आकडे शंभराच्या नव्हे तर दहा हजारांच्या मापात लिहिले जातात. ७ टक्के म्हणजे ७००. तिथे ७ लिहिलं की ०.०७ टक्के जातात, आणि महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही.

हे झालं बिलापुरतं. कामाच्या मोबदल्यासाठी तुमच्याच पत्रातल्या 'नुसता साठतो आहे' या तीन शब्दांकडे या. क्युरेशनच्या ६० मधले २० टक्के, म्हणजे आठवड्याला १२ एचबीडी किमतीची हाइव्ह पॉवर, महिन्याला ५२ च्या आसपास. हा लेखकांच्या खिशातला पैसा नाही, समुदायाच्या मतांची कमाई आहे. देखभालीचं मानधन इथून द्या. म्हणून सुरुवातीला म्हटलं की तो 'म्हणून' अर्धाच खरा आहे. हवे असलेले बरेचसे पैसे तुमच्याकडे आधीच आहेत.

अडचण एवढीच की हाइव्ह पॉवर मोकळी करायला १३ आठवडे लागतात, दर आठवड्याला तेरावा हिस्सा सुटतो. शिवाय मध्येच नवा पॉवर डाउन (हीच मोकळी करण्याची प्रक्रिया) लावला तर जुना रद्द होऊन मोजणी पहिल्यापासून सुरू होते. त्यामुळे दर आठवड्याला 'आज आलेले १२ सोडवू' असं करायला जाल तर घोटाळा होईल. आठवड्याला जेवढे हवेत त्याच्या तेरापट रकमेचा एकच पॉवर डाउन लावा, तो संपला की पुढचा. तुमच्याकडे साठा असल्यानं हे आजच सुरू करता येईल. सुटलेलं हाइव्ह एचबीडीत बदलून बचतीत ठेवा. बचतीतून काढायला तीन दिवस लागतात, आणि चावी कुणाच्या हाती लागलीच तर तेच तीन दिवस तुम्हाला वाचवतात, कारण चालू झालेली काढणी त्या अवधीत रद्द करता येते.

महिन्याला ५० एचबीडी म्हणजे कुणाचाही पगार नव्हे. हे डेव्हलपरांना स्पष्ट सांगा, गोड बोलून झाकू नका. मानधन 'किती कोड लिहिलं' यावर ठेवू नका. पाळीवर ठेवा: या आठवड्यात काही बंद पडलं तर कोण बघणार, त्याला आठवड्याचे ८ एचबीडी. काही बिघडलं नाही तरीही द्यायचे, कारण तो जागा होता. चार जणांची पाळी असेल तर प्रत्येकाचा महिन्यातून एक आठवडा. एकानं थांबायचं म्हटलंय, त्याला हाच प्रस्ताव आधी द्या. बरेचदा माणूस पैशांपेक्षा 'कायम मीच' याला कंटाळलेला असतो.

आणि तुम्ही स्वतः कुठे आहात या हिशेबात? ९० पोस्ट वाचायच्या, प्रत्येकीला सहा मिनिटं धरली तरी आठवड्याला नऊ तास होतात. पत्रात तुम्ही लेखकांचं मांडलंत, डेव्हलपरांचं मांडलंत, वाचून निवड करणाऱ्यांचा उल्लेख एकदाही नाही. हा तिसरा गट प्रत्येक समुदायात असतो आणि सगळ्यात आधी थकतो. पाळीचे ८ वजा जाता आठवड्याला उरलेले ४ एचबीडी निवड करणाऱ्यांच्या पाळीला द्या. रक्कम लहान आहे, पण ताळेबंदात ती ओळ असणं महत्त्वाचं आहे.

आता मतांकडे. पूर्ण वजनाचं एक मत सुमारे २ टक्के मतशक्ती खातं आणि दिवसाला २० टक्के भरून येते. म्हणजे दिवसाला दहा, आठवड्याला ७० पूर्ण मतं. याहून जास्त द्यायला गेलात तर शक्ती खाली उतरते आणि रविवारच्या लेखाला सोमवारच्या लेखापेक्षा कमी मिळतं, दर्जा तोच असला तरी. बॉट कुठल्या वारी काय वजन देतो ते एकदा तपासा. 'मला मुद्दाम कमी दिलं' या तक्रारींचं कारण पुष्कळदा हेच निघतं. ९० पोस्टना सरासरी ७० टक्के वजनाचं मत दिलं तर ६३ पूर्ण मतं खर्च होतात आणि सात उरतात. या सातांवरच तुमचा तोल सांभाळायचा आहे. लेखकांच्या ६३ ना हात लावायचा नाही, हे लेखी जाहीर करा.

सातांपैकी दोन डेव्हलपरांच्या कार्यनोंदींना. रोजच्या पोस्ट बंद, आठवड्याला जास्तीत जास्त दोन नोंदी, सगळ्यांच्या मिळून. नोंदीत काय बदललं त्याचं चित्र असावं, कोडच्या बदलाचा दुवा असावा, वापरणाऱ्यानं आता काय वेगळं करायचं ते साध्या भाषेत असावं, आणि काय फसलं तेही असावं. 'काही किरकोळ सुधारणा केल्या' अशा पोस्टला मत नाही. चार मतं नव्या सदस्यांच्या पहिल्या पोस्टना.

उरलेलं एक मत मला सगळ्यात मोलाचं वाटतं. दर आठवड्याला समुदायाच्या खात्यावरून एक पोस्ट काढा, जुन्या पण अजून कामी येणाऱ्या गोष्टींची. या आठवड्यात दोन जुने लेख आणि दोन साधनं, प्रत्येकाबद्दल तीन-चार ओळी: कोण वापरतंय, कशासाठी. लेखकाचा संपूर्ण वाटा बेनिफिशरी म्हणून त्या चार खात्यांना, प्रत्येकी २५०० च्या मापानं. आठ खात्यांपर्यंत विभागता येतं. पण एका खात्याचं एका पोस्टला एकच मत पडतं, म्हणून आठांत विभागलं तर प्रत्येकाच्या हाती चिमूटभर येईल. चारच ठेवा. सदस्यांनाही आपली मतं तिथे द्यायला सांगा. सात दिवसांची खिडकी बंद झालेल्या कामाला ती पुन्हा उघडण्याचा हा साखळीच्या नियमांत बसणारा मार्ग आहे, आणि तो लेखक व डेव्हलपर दोघांना एकाच पोस्टमध्ये शेजारी बसवतो. ऑप्टिमिझम या साखळीनं २०२१ मध्ये याच विचारानं १० लाख डॉलरची पहिली पूर्वलक्षी फेरी केली होती: पुढे काय उपयोगी पडेल यावर वाद घालण्यापेक्षा काय उपयोगी पडलं यावर एकमत सोपं असतं. तुमचा आकार लहान आहे, पण तत्त्व तेच लागू पडतं.

यात एक धोका आहे. समुदायाचं खातं स्वतःच्याच पोस्टला पूर्ण मत देतं, हे बाहेरून 'स्वतःचे खिसे भरणं' दिसू शकतं, आणि डाउनवोटसाठी, म्हणजे मोबदला कमी करणाऱ्या उलट मतासाठी, प्रत्येकाकडे मतशक्तीच्या २५ टक्के इतका वेगळा साठा असतो, तो वापरायला कुणाला काही खर्च येत नाही. म्हणून बेनिफिशरी कोण आणि का, हे पोस्टच्या पहिल्या परिच्छेदात लिहा. आठवड्याला एकच काढा. आणि आपल्या माणसांनाही बजावा की अंतर्गत मतभेदात डाउनवोट वापरायचा नाही. एकदा ते सुरू झालं की समेटाची दारं बंद होतात.

निवड कोणी करायची? सगळ्यांचं एकेक मत धरलं तर दीडशेसमोर चार जण कायम हरणार. हाइव्ह पॉवरच्या वजनानं मोजलं तर दोन-तीन मोठी खाती ठरवणार. मधला रस्ता वर्गमुळाचा आहे. प्रत्येक सदस्यानं महिन्याला थोडेसे गुण वेगवेगळ्या कामांना द्यायचे. कामाला मिळालेल्या प्रत्येकाच्या गुणांचं वर्गमूळ काढून बेरीज करायची आणि बेरजेचा वर्ग करायचा. २५ जणांनी एकेक गुण दिला तर २५ चा वर्ग, म्हणजे ६२५. एकट्यानं २५ दिले तर पाचाचा वर्ग, म्हणजे २५. खूप जणांना थोडं थोडं उपयोगी पडलेलं काम वर येतं, एकाच चाहत्याचं लाडकं काम येत नाही. मजकूर तपासणीसारखी साधनं इथे नक्की वर येतील. हे फसतं ते खोट्या खात्यांमुळे, म्हणून ९० दिवस जुनी आणि किमान दहा पोस्ट केलेली खातीच मोजा. तक्त्यात दहा मिनिटांत होणारं काम आहे, त्यासाठी नवं ॲप बांधायला कुणाला लावू नका.

विकास निधीकडे अर्ज करावा का, असंही तुम्ही ओझरतं विचारलंय. प्रस्ताव दाखल करायला १० एचबीडी लागतात, ६० दिवसांपेक्षा लांबचा असेल तर पुढच्या प्रत्येक दिवसाला आणखी १. ते परत मिळत नाहीत. निधी मिळायला 'परतावा' (पैसे निधीतच परत जाऊ देणारा) या कायमच्या प्रस्तावापेक्षा जास्त वजनाची मतं पडावी लागतात, आणि तिथे मोठ्या खात्यांचंच वजन चालतं. तुमच्या संकेतस्थळासाठी नको. पण मजकूर तपासणीचं साधन कोणत्याही समुदायाला वापरता येईल असं सुटं काढून, कोड खुला करून, इतर तीन-चार समुदाय ते वापरू लागले, तर त्या एका साधनासाठी जरूर करा. वापर आधी, अर्ज नंतर. समुदायाचं स्वतःचं टोकन काढण्याचा विचार मात्र सोडा. टोकन वाटता येतं, विकत घेणारा माणूस वाटता येत नाही. दोन्ही बाजू ते विकायलाच निघतील आणि भांडायला आणखी एक आकडा मिळेल.

हे सगळं ठरवण्याआधी, या आठवड्यातच करायचं एक काम आहे. पत्रात त्याचा उल्लेख नाही म्हणूनच काळजी वाटते. समुदायाच्या खात्याच्या चाव्या कोणाकडे आहेत? बॉट चालवणाऱ्या सर्व्हरवर ॲक्टिव्ह चावी (खात्यातले पैसे हलवणारी) पडलेली असते, असं लहान समुदायांत सर्रास आढळतं. तो सर्व्हर एका माणसाच्या नावावर असतो, आणि तोच माणूस महिनाअखेर थांबणार असतो. अविश्वास म्हणून नव्हे, त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला म्हणून हे करा.

मत द्यायला ॲक्टिव्ह चावी लागत नाही. बॉटचं वेगळं खातं काढून त्याला समुदायाच्या खात्याचा फक्त पोस्टिंग अधिकार (पोस्ट आणि मतं यांपुरता) द्या. म्हणजे उद्या तो काढून घ्यायला चाव्या बदलाव्या लागणार नाहीत. ॲक्टिव्ह अधिकार तीन खात्यांत वाटा, प्रत्येकाचं वजन १, आवश्यक बेरीज २: एक लेखकांपैकी, एक डेव्हलपरांपैकी, एक तुम्ही. जुनी ॲक्टिव्ह चावी यादीतून काढायला विसरू नका, नाहीतर ती ज्याच्या हाती आहे त्याला एक जादा सही मिळते. दोन सह्यांच्या व्यवहाराला मुदत असते, म्हणून मानधन देण्याचा दिवस आणि वेळ ठरलेली असू द्या. ओनर चावी (बाकीच्या चाव्या बदलू शकणारी) कागदावर, दोन ठिकाणी. खातं परत मिळवून देणारं रिकव्हरी खातं कोणतं आहे तेही पाहा. ते बंद पडलेल्या कुणाचं असेल तर आजच बदला, कारण तो बदल लागू व्हायला ३० दिवस जातात.

आणि त्या डेव्हलपरसोबत दोन तास बसा, शेजारी पाळी घेणारा दुसरा हवा. डोमेन कुणाच्या नावावर, पैसे कुठल्या तारखेला भरायचे, कोडची मालकी कुठल्या खात्यात, बॉट बंद पडला तर कुठली नोंद आधी बघायची, एपीआय नोडची यादी कुठल्या फाइलमध्ये आहे. पडद्याचं चित्रण करा. मग दुसऱ्या माणसाला त्याच्यासमोरच बॉट बंद करून पुन्हा चालू करायला सांगा. जिथे तो अडेल, तेवढंच लिहून घ्यायचं राहिलेलं आहे.

लेखकांच्या बैठकीत डेव्हलपर नकोत आणि डेव्हलपरांच्या बैठकीत लेखक नकोत, असं सध्या चाललंय असं पत्रावरून वाटतं. पुढची बैठक एकत्र घ्या आणि सुरुवात टक्क्यांनी करू नका. ॲपनिहाय मोजणी, सर्व्हरचं बिल, क्युरेशनची शिल्लक, एवढेच तीन कागद आधी सगळ्यांना पाठवा. मग ७ टक्के, पाळीचं मानधन आणि साप्ताहिक पोस्ट या तीनही गोष्टी १३ आठवड्यांसाठी करून पाहू, असं मांडा. तेवढ्यात तुमचा पहिला पॉवर डाउन संपतो आणि आकडे बदलायचे तर बदलायला हात मोकळे असतात. गेलेल्या दोन लेखकांना लगेच परत बोलावू नका. पहिल्या साप्ताहिक पोस्टमध्ये त्यांच्यापैकी एकाचा जुना लेख अजून वाचला जात असेल, तर तो घ्या आणि वाटा त्यांच्या खात्यावर जाऊ द्या.